धारेचे हात

दिराने दावे खुंट्यावरून सोडले, पण त्याचे दुसरे टोक वहिनीने घट्ट धरून ठेवले. घरातली ही शेवटची दुभती गाय होती. ती गेली की गोठा रिकामा होणार होता, आणि तिचे दूध निम्म्यावर का आले हे वहिनीला अजून उमगले नव्हते.

आधीची गायही अशीच आटत गेली होती. तीही दिरानेच विकत नेली. आता त्याच्याकडे ती बादली भरून दूध देत होती. चारा तोच, पेंड तीच, पाणी एकाच विहिरीचे.

"तुमच्याकडे गेलं की जनावराला होतं तरी काय, भावजी?"

"इथे आई आहे ना, वहिनी. तिच्या धाकानं माणसं आटतात, गाय तर मुकी."

खाटेवरच्या सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

विक्रीचा दाखला द्यायला आलेल्या पशुवैद्य बाईंनी गाईची पापणी खाली ओढली. आतली त्वचा पांढुरकी होती. मग कासेजवळ बोट टेकवून त्यांनी एक टपोरी गोचीड दाखवली.

"या रक्त पितात. जनावर बेचैन होतं, कमी खातं, दूध घटतं. दुसरंही कारण असू शकेल. पण जे दिसतंय ते आधी बघू."

वहिनीचा गोंधळ उलट वाढला. "गोचिडी? अहो, रोज धारेआधी मी स्वतः वेचते. भावजी तर हातही लावत नाहीत!"

"त्यांच्या गोठ्याला गिलावा आहे. तुमच्या भिंतीला फटी आहेत. पोट भरलेली मादी गळून पडते, फटीत शिरते, हजारो अंडी घालते. पिल्लं पुन्हा गाईवर. तुम्ही गाय बदललीत तरी पुढचीही आटेल."

दिराने हातातले दावे खाली टाकले. "मग राहू दे ही इथेच. फटी मी बुजवून देतो."

"बुजवा, औषधही फवारा," पशुवैद्य म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरची आठी मात्र गेली नाही. "पण हिशोब जुळत नाही. रोज वेचल्यावर गळून पडायला इतक्या माद्या उरतात कुठून? वेचलेल्यांचं काय करता?"

"चिरडत नाही हं. धारेच्या हातांना रक्त लागू द्यायचं नाही, ही आईंची शिस्त."

सासूबाईंनी खाटेवरून समाधानाने मान डोलावली.

"अलगद काढते," वहिनी म्हणाली, "आणि एकेक करून त्या भिंतीशी सोडते."