नदीपर्यंतचं लायसन्स

"कुठे आहेस आत्ता?" फोनच्या पडद्यावरून डोरीनने विचारलं.

"घरी. स्वयंपाकघरात," मार्लिस म्हणाली.

दर मंगळवारी चार वाजता त्यांचं बोलणं याच प्रश्नाने सुरू व्हायचं. डोरीन क्लिनिकल सोशल वर्कर होती. दारू सोडू पाहणाऱ्यांशी बोलण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती आणि तिचं लायसन्स ओहायो राज्यापुरतं होतं. समोरचा माणूस ज्या राज्यात बसून बोलतो, तिथलं लायसन्स लागतं. म्हणून ती आधी जागा विचारायची आणि लिहून घ्यायची. गेले आठ महिने मार्लिस 'स्वयंपाकघरात' असंच सांगत होती आणि ते खरंही होतं. आज नव्हतं.

"स्वयंपाकघरात हल्ली सीटबेल्ट लावून बसतेस वाटतं?"

मार्लिसने खाली पाहिलं. पट्टा छातीवर आडवा होता. तिने तो काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"गॅरेजमध्ये आहे. गाडीत. घरात प्लंबर आलाय."

"बरं," डोरीन म्हणाली आणि पेन हातात धरून बघत राहिली. अशी बघत राहिली की थाप मारणाऱ्याला घाम फुटावा. मार्लिसने काच खाली केली, वर केली, आरसा उगाच वाकडा केला. तेवढ्यात खिडकीबाहेरून एक माणूस कुत्रा फिरवत गेला. गॅरेजमधून.

"चेस्टरला आहे," मार्लिस एकदाची म्हणाली. "कोरीच्या घरासमोर. दोन वर्षांनी पोरगी दार उघडतेय माझ्यासाठी. पाचला ये म्हणालीय. न पिता येणार असशील तर ये, अर्धा तास बस, बाळ बघ आणि जा. आणि माझे पायच गाडीतून निघत नाहीत. तू बोल काहीतरी. तू बोललीस की मला जमतं."

डोरीनने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चेस्टर म्हणजे नदीपलीकडे. वेस्ट व्हर्जिनिया. दुसरं राज्य."

"हा काय, पूल दिसतोय इथून!"

"मग मला थांबावं लागेल, मार्लिस. तू तिथे असताना मला हे काम करता येत नाही."

"अगं, नदी ओलांडली म्हणून माझं डोकं बदललं का? तेच घेऊन आलेय ना!"

"डोकं तेच आहे. माझं लायसन्स नदीपाशी संपतं. पूल ओलांडून इकडे ये, गाडी लाव आणि फोन कर. पावणेपाचपर्यंतचा वेळ तुझाच आहे."

"तिकडे आले तर परत इकडे यायची नाही मी." मार्लिसचा आवाज चढला. "पुलाच्या तिकडच्या तोंडाशी त्या गसचा बार आहे. तिथे माझी गाडी आपोआप वळते. तुला सांगायला हवं का?"

सांगायला नको होतं. हे सगळं डोरीनने तिच्याच तोंडून पाचपन्नास वेळा ऐकलं होतं.

"एवढंच सांग. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का?"

"नाही गं. नुसती भीती वाटतेय. भीतीला पण लायसन्स लागतं का?"

डोरीन हसली नाही.

"खरं बोलले त्याची ही शिक्षा," मार्लिस म्हणाली. "गॅरेज गॅरेज करत बसले असते तर बोलली असतीस तू."

"हो. बोलले असते." डोरीनने चष्मा पुन्हा चढवला. तिलाही हे जड जात होतं, तोंडावर दिसत होतं. "उद्या सकाळी नऊला फोन कर. घरून. मी आता बंद करते."

पडदा काळा झाला. चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. पाच वाजायला जन्म जाणार होता.

मार्लिसने गाडी सुरू केली. बंद केली. पुन्हा सुरू केली आणि पुलाकडे वळायचा दिवासुद्धा लावला. दिवा टकटक करत राहिला. पुलावर पोचायला दोन मिनिटं आणि गसच्या दारात उभं राहायला आणखी एक, एवढा हिशोब तिच्या हाडांत मुरलेला होता. समजावायला कोणी नव्हतं. अडवायलाही नव्हतं. तिला स्वतःचा असा काही संताप आला की तिने चावी काढून कोटाच्या खिशात कोंबली, दार आपटलं आणि रस्ता ओलांडून घंटी दाबली. एकदा नाही, तीनदा.

कोरीने दार हातभर उघडलं. कडेवर मेबल होती, सात महिन्यांची, तोंडात आईच्या स्वेटरची बाही.

"पाच म्हटलं होतं मी."

"माहितीय. गाडीत बसवेना."

कोरी दारातच उभी राहिली. बाजूला झाली नाही. तिची नजर आईच्या डोळ्यांवरून हातांवर गेली, हातांवरून पावलांवर. पावलं सरळ पडतात की नाही, हे बघायला ती नऊ वर्षांची असतानाच शिकली होती.

मार्लिसला ती नजर ठाऊक होती. शपथा घेऊन झाल्या होत्या, चिठ्ठ्या लिहून झाल्या होत्या, त्यांतलं काही आता चालणार नव्हतं. ती पाऊलभर पुढे सरकली, कोरीसमोर वाकली आणि दातांच्या डॉक्टरकडे उघडावं तसं तोंड मोठ्ठं उघडून उभी राहिली.

"आई, हे काय! रस्त्यावर लोक बघतायत."

मार्लिसने तोंड मिटलं नाही.

कोरीचे कान लाल झाले. तरी ती पुढे झुकली, डोळे मिटले आणि नाकाने खोल श्वास घेतला. मग आणखी एक, पहिल्यावर विश्वास न बसल्यासारखा.

तेवढ्यात मेबलने बाही सोडली, हात लांबवला आणि आपली ओली मूठ आजीच्या उघड्या तोंडात घातली.

कोरीने ती लगेच काढून घेतली नाही.