नळ चालू राहू दे

हॉलमधल्या कॅमेऱ्यातून नवरा ऑफिसात बसून तिच्यावर नजर ठेवायचा. तिचे सगळे मेसेज त्याच्याही मोबाइलवर दिसायचे. लग्न करून परक्या देशात आलेल्या तिला इथली भाषा येत नव्हती, मग दाद मागणार तरी कुणाकडे?

त्या दुपारी कॅमेऱ्यातून तो खेकसला, "दाराशी काय करतेस? कालचा मार विसरलीस वाटतं! आई, हिला बाहेर पडू देऊ नकोस."

"माझ्या हातून कुठे सुटतेय ती!" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तिचा मोबाइल हिसकावून सोफ्यावर आपटला. "चला महाराणी, बाथरूम घासायचंय," म्हणत तिला दंडाला धरून आत ढकललं, स्वतःही आत शिरून कडी लावली आणि नळ मोठा सोडला. आता थप्पड बसणार म्हणून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सासूबाईंनी खिशातून स्वतःचा फोन काढला. इथे अर्धं आयुष्य नोकरी केलेल्या त्या, इथल्याच भाषेत कुणाशी तरी हळू आवाजात बोलत राहिल्या. तिला त्यातला 'मराठी' एवढाच शब्द कळला. मग त्यांनी फोन स्पीकरवर टाकून तिच्यासमोर धरला.

"ताई, मी मदत केंद्रातून बोलतेय," पलीकडची बाई चक्क मराठीत म्हणाली. "घाबरू नका. तुम्हाला त्रास कोण देतं?"

तिने सासूबाईंकडे पाहिलं.

 

"माझा मुलगा," सासूबाई म्हणाल्या.