रुकय्याच्या नावाचा घड

रामोनने पिशवीतून बाटली काढून सतरंजीवर ठेवली आणि कमरुद्दीनचा चेहरा उतरला. दुबईत, देऱ्याच्या भरवस्तीत, त्याच्या घरात दारू! आत्ताच तो असरचा, तिसऱ्या प्रहरचा नमाज पढून आला होता.

"हे काय आणलंय?" त्याच्या बायकोने, रुकय्याने, हळूच विचारलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. कमरुद्दीन शिपिंग एजंटकडे क्लार्क होता, त्यामुळे सांगणं त्याच्यावर आलं.

"यांच्या सासऱ्याचा द्राक्षांचा मळा आहे, आर्जेंटिनात. डोंगरात इतका उंच, की चार पावलं टाकली की दम लागतो. वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर वेली जगतात. ऊन कडक, म्हणून द्राक्षांची साल जाड. त्यांची ही..." तो अडखळला. "लाल वाइन."

रामोन बोलतच होता. ऐकता ऐकता कमरुद्दीनचा आवाज खाली आला. "यांची बायको जन्मली त्या साली बापाने भरून ठेवलेली. तिला मूल झालं की उघडायची म्हणून. एकच आहे. ती म्हणाली, बाईंना नेऊन दे, मी जिवंत आहे ती त्यांच्यामुळे."

गेल्याच आठवड्यात रामोनच्या बायकोचं, एल्वीराचं, बाळंतपण सुईणीचं काम करणाऱ्या रुकय्याने केलं होतं. मूल सुखरूप झालं, पण रक्त थांबेना. खाडीपलीकडून डॉक्टर येईपर्यंत रुकय्या मूठ आवळून तिचं पोट दाबून बसली होती. हात आखडले तरी सोडले नव्हते.

"उठून बसते का ती?"

"बसते. अजून फिकट दिसते, पण बाळाला पाजते."

"शुक्र अल्लाचा." रुकय्याने बाटलीकडे पाहिलं. आतला रंग पिकल्या जांभळासारखा गर्द होता. "त्यांना सांगा, आमच्यात हे चालत नाही. पण तिने दिलं ते मला पोचलं. बापाने लेकीसाठी ठेवलेली वस्तू लेकीनेच उघडावी."

कमरुद्दीनने सांगितलं. या वेळी तो कुठेही अडखळला नाही.

रामोनचं तोंड एवढंसं झालं. "मग आम्ही तुम्हाला काय देऊ? एल्वीरा मला घरात घेणार नाही."

रुकय्या विचारात पडली. मग म्हणाली, "त्या मळ्यात द्राक्षं नुसती खातात की नाही?"

"खातात तर!"

"मग सासऱ्यांना कळवा. पुढच्या तोडणीला पहिला घड माझ्या नावाने वेगळा काढा म्हणावं. वाइनला द्यायचा नाही. गावात कोणी बाळंतीण असेल, तिला खायला द्यायचा."

रामोनने बाहीने डोळे पुसले, बाटली पुन्हा पिशवीत ठेवली आणि दारात थबकला.

"मादामचं नाव काय?"

सगळे तिला बाईच म्हणत. नाव त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"रुकय्या," कमरुद्दीन म्हणाला.

रामोन गल्लीतून चालू लागला. "रुकाया... रुक्काया..." तो पुटपुटत होता.

"नो, नो, मिस्टर! रु-क-य्या!"

कमरुद्दीन अनवाणीच गल्लीत उतरला. येणारेजाणारे बघत होते. वाइनची पिशवी सांभाळणाऱ्या त्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून तो खाडीपर्यंत आपल्या बायकोचं नाव त्याच्याकडून घोकून घेत गेला.