कागदाआड

बंधाऱ्याच्या मातीत चार बोटांच्या खुणा होत्या.

चासिब जागीच थांबला. कुणीतरी ओल्या मातीत बोटं खुपसून मूठभर माती ओरबाडून नेली होती. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, भांड्याच्या बुडाला धरलेला भात खरवडावा तशी. त्यानं हातातल्या किरणोत्सर्ग मोजायच्या यंत्राचं तोंड खड्ड्याशी नेलं. टिक, टिक... आणि मग दोन टिकांमध्ये फटच उरली नाही.

"उंदीर थोराड दिसतोय," मागून फलीह म्हणाला. तोंडाला फडकं, अंगात पांढरा झगा, तरी गडी खिदळत होता. "अरे, बायकांची जागा आहे ही. केंद्राचं कुंपण मोडून पडल्यापासून केस धुवायची माती इथूनच नेतात. दिवस गेलेल्या तर खातातसुद्धा. तुला नाही ठाऊक, अबू गायब?"

अबू गायब, म्हणजे जो अजून यायचाय त्याचा बाप. मूल नसलेल्या माणसाला गावात हीच हाक. चासिबनं ती वर्षानुवर्षं कसंनुसं हसून ऐकली होती. या उन्हाळ्यापासून ती गोड लागायला लागली होती.

नज्ला माती खाते, हे त्याला ठाऊक होतं. बायकोचे डोहाळे, बाजारातून तोच आणून देत होता. पण मध्यंतरी तिनं मागणं बंद केलं होतं. त्याला वाटलं होतं, डोहाळे सरले.

जुन्या अणुसंशोधन केंद्राला आता कायमचं टाळं लागायचं होतं. त्याआधी तिथली नासलेली माती हुडकून, खरवडून पिंपांत भरायची, हे या लोकांचं काम. सकाळीच इंजिनियर सुहादबाईंनी सगळ्यांना गोळा करून यंत्राची एक खोड दाखवली होती. टिकटिकणाऱ्या ढेकळावर त्यांनी साधा कागद ठेवला. यंत्र गप्प. कागद उचलला, टिकटिक. पुन्हा ठेवला, गप्प.

"एवढ्याशा आडोशानं हे बहिरं होतं," बाई म्हणाल्या. "तेव्हा ते गप्प बसलं म्हणजे तिथं काही नाही, असं धरून चालू नका."

"माझ्या सासूसारखंच की," फलीह म्हणाला. "गप्प बसली की जास्त भ्यायचं."

सगळे हसले होते. चासिबही.

जेवणाची सुट्टी होताच त्यानं झगा उतरवला, यंत्र सदऱ्याखाली धरलं आणि पडलेल्या कुंपणावरून घराकडे निघाला. निघाला कसला, पळतच सुटला.

अंगणात आई तन्नूरच्या तापल्या भिंतीला रोट्या थापत होती. खजुरीच्या सावलीला नज्ला भेंडी चिरत बसली होती. एक गाल किंचित फुगलेला.

"तोंडात काय आहे?"

"काय असणार? तुझ्या लेकराचा हट्ट."

"थुंक."

"अरे, घरात पाऊल टाकलं नाहीस तोच..."

"थुंक म्हणतो ना!"

कोंबड्या फडफडत पांगल्या. नज्लानं तळहातावर थुंकलं. हिरवट खडा, चघळून चघळून गुळगुळीत झालेला.

"पोटुशीवर कसला ओरडतोस?" आई तन्नूरजवळूनच कडाडली. "तुझ्या वेळी मी मूठमूठ खाल्ली. झालास ना चांगला रेड्यासारखा?"

"कुठून आणतेस?" त्यानं नज्लाला विचारलं. आवाज आता पार खाली गेला होता.

"बाजारातली फिकी लागते रे. बंधाऱ्याची कशी... तिला नदीचा वास येतो."

तिच्या मांडीशी बिस्किटांचा डबा होता. त्यानं झाकण काढलं, सदऱ्याखालून यंत्र बाहेर घेतलं आणि डब्यात धरलं.

तापल्या तेलात मोहरी पडावी तसं ते तडतडलं.

आईच्या हातातली रोटी हातातच लोंबत राहिली. ते यंत्र कशासाठी असतं, हे गावात पोराटोरांनाही कळत होतं. नज्लानं डब्याकडे पाहिलं, तळहातावरच्या खड्याकडे पाहिलं. मग तिनं तो खडा टाकून दिला, हात ओढणीला खसाखसा पुसला आणि चासिबचं मनगट धरून यंत्र स्वतःकडे ओढलं. कपडा वर सारून त्याचं तोंड तिनं उघड्या पोटालाच टेकवलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

यंत्र गप्प.

तिनं ते डावीकडे सरकवलं. उजवीकडे. बेंबीच्या खाली.

गप्प.

"नाही," ती पुटपुटली. "काही नाही. ऐकलंस? काहीसुद्धा नाही!" हसता हसता तिला रडू फुटलं. आईनं पिठाचे हात आभाळाकडे उचलले, अल्लाचं नाव घेतलं आणि सुनेचं तोंड ओंजळीत धरून कपाळाचा मुका घेतला. नज्लाचे दोन्ही गाल पिठानं पांढरे झाले.

"आता तरी तोंड नीट कर, अबू गायब," नज्ला म्हणाली. "का असा बघतोस? बोल ना काहीतरी."

चासिबला ढेकळावरचा सकाळचा कागद दिसत होता, आणि पोटाची कातडी तर त्याहून जाड. यंत्र तिच्या पोटावरच होतं. ते उचलून घ्यायला त्याचा हात धजेना.

इतक्यात आतून लेकरानं लाथ मारली. यंत्र हललं, आणि गप्पच राहिलं.