मारुतीची शेपटी

“खोकून दाखव,” डॉक्टर म्हणाले. रांगेतला पहिला उमेदवार खोकला आणि कपडे उचलून पुढच्या खोलीत गेला. रांग एका माणसानं सरकली. नाथाजीच्या पुढं आता तिघं उरले होते.

बांगलादेशच्या लढाईला दोन वर्षं होत आली होती आणि साताऱ्यात भरती लागली होती. सकाळी नाथाजी मैलभर पळाला होता. दोरावर चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी दात खाऊन वर पोचला होता. छाती भरली, डोळे चांगले निघाले, कान चांगले निघाले. आता अंतर्गळ, म्हणजे हर्निया, आहे का ते बघायला एकदा खोकायचं, की झाला शिपाई. खोकायला काय अक्कल लागते? पाळण्यातलं पोरही खोकतं. पण नाथाजी खोकला की मानेमागून एक कळ निघायची आणि कवटी फोडल्यासारखी वर जायची. डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. घटकाभर त्याला आपण कुठं आहोत तेही उमगायचं नाही.

हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं असं नाही. लहानपणी सांगून सांगून त्याचा घसा बसला होता. त्याचे आबा, म्हणजे पलटणीतून पेन्शनीत निघालेले हवालदार कोंडीबा, यांनी एकच निदान केलं होतं. “कामचुकार हाय. उसाची मोळी उचलायची म्हटलं की बरं याचंच डोकं दुखतंय!” मास्तरांचंही तेच मत पडलं. वैद्यानं सुंठ उगाळून कपाळावर लेप दिला आणि ताप नाही, काही नाही, म्हणून तोही मिशीत हसला. मग नाथाजीनं सांगणंच सोडून दिलं.

हसलं तरी कळ यायची. म्हणून पारावर पोरांच्या गप्पा रंगात आल्या की तो उठून जायचा. “हवालदाराचं पोरगं लय शिष्ट,” असं गाव म्हणू लागलं. त्याला गोठ्यात बरं वाटायचं, कारण बैल काही थट्टामस्करी करत नाहीत. एकोणीस वर्षांत त्याला जिवाभावाचा असा एक दोस्त मिळाला नव्हता. फार एकटा पडला होता बिचारा. आपण भरती झालो तर आबा एकदा तरी आपल्याकडं नीट बघतील, एवढ्या आशेवर तो या रांगेत उभा होता.

त्याच्या आईला, हरणाबाईला, भरतीची मुळीच काळजी नव्हती. नाथाजीच्या कमरेखाली, माकडहाडाच्या जरा वर, जन्मापासून केसांचा एक झुबका होता. ती मारुतीची शेपटी, असं तिचं म्हणणं. दर शनिवारी ती त्या झुबक्याला तेल लावायची. “ह्या पोराला काय हुतंय? पाठीशी देव हाय त्याच्या,” असं ती शेजारणींना सांगायची.

“पुढचा. खोकून दाखव.”

नाथाजी खोकला. कळ वर गेली. त्यानं मुठी आवळल्या, पण तो ताठ उभा राहिला.

“मागं वळ.”

तो वळला. डॉक्टरांची बोटं पाठीच्या कण्यावरून खाली आली आणि त्या झुबक्यापाशी थांबली.

“हे कधीपासून आहे?”

“जन्मापास्नं, सायेब. मारुतीची शेपटी हाय ती.”

रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नाथाजीला जवळच्या स्टुलावर बसवलं आणि आवाज खाली आणला.

“खोकलास तेव्हा डोळ्यांत पाणी का आलं?”

नाथाजीनं घाईघाईनं डोळे टिपले.

“असे केस असले की कधी कधी त्याखालचं कण्याचं हाड जन्मतःच नीट जुळलेलं नसतं. त्यातल्या काहींचा मेंदू मागच्या बाजूनं थोडा मानेत उतरलेला असतो. पुण्याला मी असे दोन पेशंट बघितलेत. खोकलं, शिंकलं, वजन उचललं, हसलं, की मानेतून कळ वर जाते. तुझी जाते का?”

नाथाजी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिला. हसलं की कळ येते, हे या माणसाला कुणी सांगितलं? ते तर घरातही कुणाला ठाऊक नव्हतं.

“खरं सांग,” डॉक्टर म्हणाले. “नुसते केसच असतील तर मी तुला पुढं पाठवतो. कळ येत असेल तर नाही पाठवता येणार. ओझी उचलून जिवावर बेतेल तुझ्या.”

बाहेर लिंबाखाली आबा बसले होते. कोटावर पदकं लावून आले होते ते. एक ‘न्हाई’ म्हटलं की काम भागत होतं. आणि दुखणं लपवायची नाथाजीला सवय काय कमी होती?

“व्हय,” तो म्हणाला. “लय कळ येती, सायेब.” आणि एवढा दांडगा गडी हुंदके देऊन रडायला लागला.

डॉक्टरांनी त्याला मनसोक्त रडू दिलं. मग लाल पेन उघडलं.

“वाईट वाटून घेऊ नकोस. गावात बोभाटा नको असेल तर कारण लिहीत नाही. नुसतं नापास लिहितो.”

नाथाजीनं मनगटानं डोळे पुसले.

“न्हाई, सायेब. कारण लिवा. समदं लिवा, आन् मराठीत लिवा. मिलिट्रीच्या कागदाला आमचं आबा खोटं म्हणत न्हाईत.”