दारातला तिळगूळ

२००५ची संक्रांत, अमेरिकेतली. अ‍ॅशबर्नमधल्या घरातल्या पहिल्या हळदीकुंकवाला मी शेजारच्या मिस अर्नेस्टाईनलाही बोलावलं होतं. त्या सत्तरीच्या कृष्णवर्णीय लेखिका. त्या दारात दिसताच पुण्याहून आलेल्या सासूबाई कुजबुजल्या, “अगं, विधवा ना ती? तिळगूळ दारातच दे.” वाद नको म्हणून मी डबा दारातच दिला. “थँक यू, हनी,” म्हणत, स्वतःचं पुस्तक माझ्या हातात ठेवून त्या हसून परत गेल्या. मी ते न उघडताच कपाटात टाकलं. मे महिन्यात त्या वारल्या, तेव्हा कुठे वाचायला घेतलं. त्यांच्या लहानपणी गावातल्या हॉटेलात काळ्यांना जेवण मागच्या दारातून डब्यात मिळायचं. तरुणपणी त्या पुढच्या दारानं आत शिरल्या, टेबलाशी बसल्या आणि तुरुंगात गेल्या. पहिल्या पानावर संक्रांतीची तारीख घालून घरूनच लिहून आणलं होतं: ‘मला पुढच्या दारानं आत बोलावणाऱ्या शेजारणीला.’