ढिला नट

जुन्या गाडीखाली पुन्हा ऑइल सांडलेलं. आजोबांनी मेकॅनिकला शिव्यांची लाखोली वाहिली आणि स्वतःच गाडीखाली शिरले. इंजिन पुसून, बोटांनी चाचपत गेले, तर तळाचा नट ढिला. कालच त्यांनी तो घट्ट आवळला होता.

"हा कोणी सैल केला?" ते बाहेर येत गरजले.

"मी," आजी दारातून म्हणाली. "रोज करते."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"ऑइल गळतं तोवर तुम्ही गाडी काढत नाही. गाडी नीट झाली की सून नातीला तुमच्या भरवशावर त्यातून शाळेत पाठवणार. तुमची नजर गेलीय हे तिला तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"मला सगळं स्वच्छ दिसतं," आजोबा दाराकडे बघत कडाडले.

"मग इकडे बघा," आजी त्यांच्या खांद्याशी उभी राहून म्हणाली.